तिसऱ्या तासाचं पाणी

उज्वलाचा पहिला दात पडला ते दोन हजार पंचवीस साल. दिवाळी सरून आठ-दहा दिवस झाले होते. डब्याच्या तळाशी उरलेला चिवडा संपवायचा म्हणून सकाळी चहाबरोबर तोच खाणं चाललं होतं, आणि खोबऱ्याचा एक काप चावताना पोरीचा दात निखळला. ती आधी घाबरली, मग तळहातावरचा दात बघून हसली, मग आरशापुढे जाऊन उभी राहिली. पडलेला दात घराच्या कौलावर टाकायची रीत, पण नाशिकला द्वारकेच्या चौकालगत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी कौल आणायचं कुठून? मोतीरामनं, तिच्या आजोबानं, तो दात वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. नामपूरला गेलो की आपल्या घरावर टाकू, म्हणाला. पोरीनं साखर मागितली तर तिच्या तोंडून ‘थाखर’ असं काहीतरी आलं. गोजराबाई, तिची आजी, पदर तोंडाला लावून हसू लागली. उज्वलाच्या आईनं, शुभांगीनं, तिला जवळ ओढलं, गालाचा पापा घेतला आणि म्हणाली, “पुन्हा म्हण!” पोर पुन्हा म्हणाली. सगळे पुन्हा हसले. मोतीरामही हसला, पण ‘पुन्हा म्हण’ हे दोन शब्द त्याच्या कानात नको तिथं जाऊन बसले आणि त्याचं हसू चहाच्या घोटाबरोबर खाली गेलं.

तेवढ्यावर ते मिटलंही असतं. थोड्या वेळानं जीवन, त्याचा मुलगा, कामावर गेला, पोर खेळायला खाली गेली आणि शुभांगी खिडकीशेजारच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली. ती पूर्वी एका शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. दोन वर्षांपासून ती एका संस्थेच्या वाचनवर्गाची शिक्षिका होती. वर्ग म्हणजे बाक नाहीत, फळा नाही. जिल्ह्यातल्या गावोगावची साठ मोठी माणसं, बहुतेक बायका, आपापल्या मोबाईलवर धडा बघायची, मग एक पान मोठ्यानं वाचायची, आणि ते वाचलेलं मशीन ऐकायचं. शुभांगीच्या पडद्यावर त्या साठ जणांचा पट असे. ती त्याला डॅशबोर्ड म्हणे, मोतीराम हजेरीपट म्हणे. एका माणसाची एक ओळ, ओळीत बारीक चौकोन. पाठ पुरा झाला की चौकोन हिरवा, अर्धा राहिला की पिवळा, माणूस अडकला की लाल. मोतीराम रोज तिच्यासाठी दुसरा चहा घेऊन यायचा आणि त्याला ते रंगच दिसायचे, मळ्यातले वाफे दिसावेत तसे. त्या दिवशी त्याला अक्षरं दिसली. कुणी वाचा म्हटलं नव्हतं, चष्माही डोळ्यावर नव्हता, तरी ओळ आपणहून उठून आली: सुलाबाई रंगनाथ, नामपूर. पाठ चौथा. अडलेला शब्द: कमळ. प्रयत्न: एकोणीस.

कप बशीत वाजला.

“नाना, ठेवा ना चहा. सांडेल.”

“ही नामपूरची बाई एकोणीस वेळा काय करते?”

शुभांगीनं वर बघितलं. “वाचलंत तुम्ही? चष्म्याशिवाय?”

“काय करते ती, ते सांग.”

“अडकलीय. शब्द जुळला तर मशीन पुढं जाऊ देतं. नाही जुळला की ‘पुन्हा वाचा’ म्हणतं. तीन आठवडे ही बाई एका पानावर आहे.” तिनं चहाचा घोट घेतला. “शनिवारी यादी पाठवायचीय. तीन आठवडे हलला नाही त्याचं नाव कमी करायचं, असा नियम आहे. त्या जागेसाठी माणसं थांबलीत.”

“मग ती?”

“पुढच्या वर्षी बघू. दोनदा फोन केला मी, उचलत नाही. मार्केटमध्ये कांदा निवडायला जाते, दमत असेल. सरावच करत नाहीत हो, नाना, काही जण.”

“एकोणीस वेळा वाचणारी बाई सराव करत नाय?”

शुभांगी हसली. “वकील व्हायला पाहिजे होतं तुम्ही.”

तोही हसल्यासारखं करून आत गेला, पण स्वयंपाकघरात काय करायला आलो ते त्याला आठवेना. नळाखाली बशी धरून तो उभा राहिला. पाणी बशीतून बोटांवर, बोटांवरून मनगटावर आणि तिथून सदऱ्याच्या बाहीत शिरत गेलं, आणि बाही कोपरापर्यंत ओली झाल्यावर गोजराबाई म्हणाली, “अहो, ध्यान कुठं हाय? टाकी रिकामी कराल.” त्यानं नळ बंद केला. ओल्या बाहीचा गारवा त्याला ओळखीचा वाटला, पण तो त्याच्या स्वतःच्या हाताचा नव्हता.

मोतीराम एका शाळेत एकतीस वर्षं शिपाई होता. घंटा वाजवायची, टाकी भरायची, फळे पुसायचे, आणि हजेरीचं पुस्तक वर्गावर्गातून फिरवून मास्तरांची सही आणायची. त्या पुस्तकात कोणाची नावं आहेत हे त्याला वाचता येत नव्हतं. सही कुठं करायची त्या पानात तो बोट घालून ठेवायचा, एवढीच त्याची त्या पुस्तकाशी ओळख. पण पोरं त्याला दुसऱ्या एका पुस्तकातून पाठ होती. पाण्याच्या टाकीशेजारी, घंटेच्या खाली त्याचं स्टूल असायचं, आणि कोण कुठल्या तासाला पाणी प्यायला येतं हे तो बघायचा. खेळून आलेलं पोर घटाघटा पितं, तोंड पुसत पळतं. गणिताच्या तासाला येणारी पोरं वेगळी, इतिहासाला वेगळी. त्यांना तहान नसते. ती हळू येतात, नळ बारीक सोडतात, ओंजळ भरतात, ओतून देतात, पुन्हा भरतात, आणि मधून मधून वर्गाच्या दाराकडे बघतात. कुठलं पोर कुठल्या तासाला बाहेर येतं, किती वेळ नळापाशी थांबतं, एवढ्यावरून कोणाला काय येत नाही हे त्याला वार्षिक परीक्षेच्या आधी सहा महिने कळायचं. त्यानं ते कधी कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. शिपायानं मास्तरांना काय सांगायचं? आता शुभांगीच्या पडद्यावर तेच लिहून येत होतं, मिनिटांसकट, शब्दासकट, आणि तरी त्या लाल चौकोनापुढे शुभांगी म्हणत होती की सराव करत नाहीत.

तिसरा तास वाचनाचा असायचा. आणि तिसऱ्या तासाला रोज टाकीपाशी येणारी पोर त्याचीच होती. सुवर्णा. जीवनच्या आधीची, थोरली. नोकरी लागल्यावर तो एकटाच नाशिकला आला, गोजराबाई आणि पोर नामपूरला त्याच्या आईजवळ राहिल्या, आणि पहिलीत घालायच्या वेळी त्यानं दोघींना इकडे आणलं, पोरीला बापाच्या शाळेत. सहा वर्षांची पोर आजीच्या बोलीत वाढलेली. नामपूरकडे त्या बोलीत ळ नाही. सकाळ म्हणजे सकाय, डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया. त्याचंही लहानपण तसंच गेलेलं, पण नाशिकला येऊन त्यानं जीभ वळवून घेतली होती, इतकी की आपण वळवली हे त्याच्या लक्षातही राहिलं नव्हतं. पोर दुसरीत असतानाची गोष्ट. तो हजेरीचं पुस्तक घेऊन व्हरांड्यात आला तेव्हा ती उभी होती, हातात पुस्तक होतं आणि ती वाचत होती. तयात कमय. कमय पिवयं. वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, “पुन्हा म्हण.” ती पुन्हा म्हणाली. वर्ग पुन्हा हसला. “काय म्हणालीस? कमय? पुन्हा म्हण.” असं किती वेळा झालं ते त्यानं मोजलं नव्हतं. गुरुजी वाईट नव्हते, हे तो आजही शपथेवर सांगेल. पावसाळ्यात पोरांना स्वतःची छत्री देणारा माणूस. त्यांना फक्त वाटत होतं की पोरीला अक्षर येत नाही. आणि मोतीरामलाही तेच वाटलं. दाराबाहेर उभं राहून, बोट पानात घालून, त्याला आपल्या पोरीची लाज वाटली. हसणं थांबायची वाट बघून तो आत गेला, सही घेतली आणि तिच्याकडे न बघता बाहेर आला.

दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या तासाला सुवर्णा टाकीशी येऊ लागली. नाना, पानी, म्हणायची. तो नळ सोडून द्यायचा. ती पाणी प्यायची नाही, ओंजळ भरून सोडून द्यायची, आणि पाणी तिच्या उजव्या बाहीत शिरायचं. “झालं का? जा वर्गात,” तो म्हणायचा. ती जायची नाही. मग तो आवाज चढवायचा, कारण बाकीचे मास्तर बघत असायचे, शिपायाची पोर म्हणून लाडावली असं कोणी म्हणायला नको. मग ती जायची. पोरं तिला कमय म्हणूनच हाक मारू लागली होती. घरी तो तिला सांगायचा, शहरातल्यासारखं बोल. कसं बोलायचं ते त्यानं सांगितलं नाही, कारण ते सांगता येण्यासारखं आहे हे त्याला माहीत नव्हतं. चौथीनंतर तिनं शाळा सोडली. सोडली म्हणजे एका जून महिन्यात ती गेलीच नाही, आणि घरात कोणी फारसं विचारलं नाही. पोरीचं डोकं चालत नाही हे तोवर घरात ठरून गेलं होतं.

मोतीराम स्वतः अक्षरं शिकला तो उज्वलाच्या बारशाच्या वर्षी, करोनाच्या टाळेबंदीत. दाराला आतून कडी होती, पाहुणे मोबाईलवर बघत होते आणि पाळणा गोजराबाईनं एकटीनं म्हटला होता. शुभांगीची रजा संपली आणि तिची पहिलीची मुलं लॅपटॉपच्या पडद्यात येऊन बसली. तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन मोतीराम लॅपटॉपच्या मागच्या बाजूला बसायचा, पोर रडली तर उचलून आत न्यायची एवढंच त्याचं काम. पण शुभांगी पाटीवर काढून दाखवायची ते त्याला बसल्या जागी दिसायचं. क कपाचा. म मगरीचा. पासष्ट वर्षांचा माणूस पडद्यातल्या सहा वर्षांच्या पोरांबरोबर ओठ हलवायचा. तेव्हा कोणाला कळलं नाही. मग एका दिवशी शुभांगीनं ळ काढला, शेजारी एक फूल काढलं आणि खाली शब्द लिहिला. मोतीरामनं तो आपल्याशी वाचला. क. म. आणि तिसरं अक्षर ओळखून त्याच्या ओठावर, चाळीस वर्षं नाशिकला काढलेल्या त्या ओठावर, आलं ते कमय. त्यानं पुन्हा बघितलं. अक्षर बरोबर ओळखलं होतं. शब्दही बरोबर लागला होता. तळ्यातलं फूल डोळ्यांपुढं आलं होतं. फक्त तोंड नामपूरचं होतं. तेव्हा त्याला कळलं की पोर वाचत होती. दुसरीतली पोर उभी राहून, हसणाऱ्या वर्गापुढे, एकही अक्षर न चुकता वाचत होती, आणि ते ओळखायला लागणारं अक्षर त्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या बापाकडे नव्हतं. मांडीवरची पोर रडायला लागली. तो तिला घेऊन आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. गोजराबाईला त्यानं हे सांगितलं नाही. पाच वर्षं झाली, सांगितलं नाही.

बुधवार गेला, गुरुवार गेला. तो बोलायचं ठरवून टेबलाजवळ जायचा आणि चहा ठेवून परत यायचा. आपण काय म्हणणार? गुरुजी, आमच्याकडं असंच म्हणतात. इतकं एकच वाक्य होतं. ते त्या दिवशी व्हरांड्यात म्हणायला अर्धं मिनिट लागलं नसतं. आता ते म्हणणं सोपं नव्हतं, कारण ते बोललं की त्याच्या मागून बाकीचं सगळं येणार, आणि घरात ते ठेवायला जागा कुठं होती? खिशात दात होता, तो बोटांनी चाचपत तो गॅलरीत उभा राहायचा. खाली द्वारकेचा चौक घुसमटलेला, मालेगावकडे निघालेली एसटी ट्रकच्या मागे अडकलेली, कंडक्टर दारात उभा राहून हात हलवतोय. कुठं अडली ते सगळ्यांना दिसतंय, त्याला वाटायचं. का अडली ते पुढं जाऊन बघायला कोणी तयार नाही. गुरुवारी दुपारी गोजराबाईनं शुभांगीच्या खांद्यावरून तो पट बघितला आणि नाक मुरडलं. “बाई कुठं थांबली, किती थांबली, हे सगळं तुला दिसतं? तिला ठावं हाय का? मला नाय चालायचं असं कोणी मोजलेलं.” शुभांगी म्हणाली, “सांगितलंय सगळ्यांना, आई. सही घेतलीय.” “ज्याला वाचता येत नाय त्याची सही,” गोजराबाई म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. मोतीरामला वाटलं, मोजायचं तर कोणीतरी तेव्हाच मोजायला पाहिजे होतं, आणि मोजलं तर होतं, मीच मोजलं होतं.

शुक्रवारी सकाळी शुभांगी यादी करायला बसली. तिचं बोट पडद्यावरून खाली सरकत होतं आणि सुलाबाईच्या ओळीवर आलं.

“ते नाव टाकू नको,” मोतीराम म्हणाला. त्याचा आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

“नाना, नियम—”

“तिनं वाचलंय ते ऐकलं का तू?”

“मशीन ऐकतं. साठ जणांचं मी कुठं—”

“तू ऐक.”

तिनं त्याच्याकडे बघितलं. सासरा असा कधी बोलत नसे. तिनं कळ दाबली. मागे कुठंतरी बोकड ओरडत होता, भांडं पडल्याचा आवाज आला, आणि मग बाईचा आवाज, एकेका अक्षरावर पाय ठेवत चाललेला: तयात… कमय. मशीनचा गोड आवाज म्हणाला, पुन्हा वाचा. कमय. पुन्हा वाचा. कमय. पुढे बाईचा आवाज बारीक होत गेला. अठराव्या वेळी ती ओरडून म्हणाली, जसं काही मशीन बहिरं आहे. एकोणिसाव्या वेळी फक्त श्वास ऐकू आला आणि संपलं.

“चुकीचंच म्हणतेय ना, नाना.”

“आमच्याकडं असंच म्हणतात,” मोतीराम म्हणाला.

तो पुढं बोलत राहिला, उभ्या उभ्या, टेबलाची कड धरून. “ळ आमच्या तोंडात नाय. नामपूर, सटाणा, मालेगावचा तो भाग. डोळ्याला डोया, केळीला केयी. ती अक्षर बघते, ओळखते, आणि आपल्या आईनं शिकवलंय तसं म्हणते. तिला वाचता येतंय, शुभांगी. तुझ्या मशीनला ऐकता येत नाय.”

शुभांगीनं पटाच्या वरच्या कोपऱ्यात काहीतरी दाबलं. ओळी हलल्या, वर-खाली झाल्या आणि गावांप्रमाणे लागल्या. सटाणा, नामपूर, मालेगावच्या अकरा ओळी एकाखाली एक आल्या. त्यांतल्या आठ चौथ्या चौकोनापाशी लाल होत्या, वरपासून खालपर्यंत, कोणी लाल दोरा ओढावा तशा. तिनं मागच्या वर्षीचा पट उघडला. तिथंही तोच दोरा. “मागच्या वर्षी मी यांतली सात नावं कमी केली,” ती म्हणाली. “शेरा लिहिला होता, सराव कमी. हे सगळं माझ्यासमोर होतं. कुठं अडलं ते होतं. का ते मी विचारलंच नाही, नाना.” तिचे डोळे भरले होते. मोतीरामला तिला काहीतरी म्हणावंसं वाटलं, पण जे म्हणता आलं असतं ते त्याला स्वतःलाच कोणी म्हटलं नव्हतं.

तिनं फोन लावला. तिसऱ्या वेळी उचलला गेला. मागे मार्केटचा गलका होता.

“बाई, मन्हं नाव काढी टाका,” पलीकडून पहिलंच वाक्य आलं. “मन्हा तोंडमा ते अक्षर नही शे. मशीनले बी कटाळा उना व्हई.”

शुभांगीनं फोन मोतीरामच्या हातात दिला. चाळीस-पंचेचाळीस वर्षं न वापरलेली बोली त्याला शोधावी लागेल असं वाटलं होतं. ती जिभेखालीच होती.

“सुलाबाई, मी मोतीराम. नामपूरनाच शे. तयामा फुलस ते काय, सांग बरं.”

“कमय.”

“देवले वाहतस तेच ना?”

“हा, तेच ना भाऊ. दुसरं काय?”

“मंग तू वाची ऱ्हायनीस. तुले वाचता येस. चुकी तुनी नही.”

मग ती म्हणाली, “मंग ते मशीन काबरं नही म्हनस?”

“मशीन नामपूरले कधी गयं नही.”

बाई हसली, मोठ्यानं, मार्केटमधल्या चार जणींनी वळून बघितलं असेल इतक्या मोठ्यानं. मग हसू थांबलं आणि ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, “तीन हप्ता मी सूनले सांगी ऱ्हायनू भाऊ, मन्हा डोकामा दगड भरेल शे.” मोतीरामनं फोन शुभांगीकडे दिला आणि खिशातला दात मुठीत घट्ट धरला.

शनिवारी शुभांगीनं यादीच्या जागी पत्र पाठवलं आणि पट जोडला. वरून दोन आठवड्यांची मुदत मिळाली, नियम बदलू असं कोणी म्हणालं नाही. तिनं चौथा पाठ मोडून नवा केला. शब्द वाचून झाल्यावर चार चित्रं येणार, वाचणाऱ्यानं बरोबर चित्रावर बोट ठेवलं की पाठ पुढं सरकणार, मग तोंडून कमळ येवो की कमय. आणि सुरुवातीला बोलायला तिनं मोतीरामला खुर्चीवर बसवलं. त्यानं धुतलेला सदरा घातला होता. “नाना, मोबाईलकडं बघा, माझ्याकडं नको.” तो तीनदा अडखळला. चौथ्यांदा म्हणाला, “राम राम. मी मोतीराम. मी शाळेत शिपाई होतो, पासष्टाव्या वर्षी वाचायला शिकलो. घरी तुम्ही कमय म्हणता, मीबी म्हणतो. ते चूक नाय. लिहिताना हे असं लिहायचं.” आणि त्यानं पाटीवर ळ काढला, थोडा वाकडा. “शहरात याला ळ म्हणतात. तेबी शिकून घेऊ, सावकाश. आधी वाचा.” दहा दिवसांत आठातले सहा चौकोन हिरवे झाले. सुलाबाईचा चौथ्यानंतर पाचवा आणि सहावाही. बाकी दोघींचे फोन बंद होते, ते बंदच राहिले. मागच्या वर्षीच्या सातांपैकी तिघी परत आल्या. शुभांगीनं उरलेल्यांची नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली. आता ती रोज सकाळी लाल ओळ दिसली की आधी कानाला हेडफोन लावते.

घरात सगळ्यांना बरं वाटलं. जीवननं तो पाठ कामावरच्या लोकांना दाखवला. मोतीरामला मात्र त्या हिरव्या चौकोनांकडे बघवत नव्हतं. पट रोज उघडायचा, साठ ओळी रोज यायच्या, आणि तो प्रत्येक ओळीवरून नजर फिरवून शेवटी थांबायचा, जिथं पुढची ओळ नव्हती. मग एका दुपारी गोजराबाईनं नातीच्या हट्टानं तो पाठ मोबाईलवर पहिल्यांदा पुरता बघितला. “ते चूक नाय,” मोबाईलमधला मोतीराम म्हणाला. गोजराबाईनं उज्वलाला म्हटलं, “मागं घे.” ते चूक नाय. पोर कंटाळून उठून गेली. गोजराबाई तशीच बसून होती.

“हे तुम्हाला कधीपासून ठावं हाय?”

“उज्वला तान्ही होती तवापासून.”

“म्हणजे पोर वाचत होती.”

“वाचत होती.”

“तिची उजवी बाही रोज ओली असायची,” गोजराबाई म्हणाली. “पाण्यात खेळते म्हणून मी मारायचे तिला. रोज मारायचे.” ती रडली नाही. भिंतीकडे बघत होती. मोतीराम उठला, पलंगाखालची पेटी त्यानं ओढली आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढला. चौघडी पडलेला, घड्यांवर झिजलेला, शिक्का फिका झालेला. सुवर्णाच्या सासरहून तो आला तेव्हा दोघांनाही वाचता येत नव्हतं. कोणाकडून वाचून घेतला नाही, काय लिहिलंय ते माहीतच होतं. अक्षरं आल्यावर मोतीरामनं एकदा चोरून उघडला होता आणि शेवटच्या शब्दाशी मिटला होता.

“वाचा,” गोजराबाई म्हणाली.

त्यानं चष्मा लावला. तिचं नाव वाचलं, गाव वाचलं, तारीख वाचली. शेवटचा शब्द आला. बारीक अक्षर होतं, पण ओळखू येत होतं. त्याला तो शहरातल्यासारखा म्हणता आला असता, आता येत होतं तसं. त्यानं म्हटला तो तिच्या तोंडातला.

“कावीय.”

“पुन्हा वाचा,” गोजराबाई म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचला, वरपासून. सुवर्णा, मोतीरामची थोरली मुलगी, नामपूरला सासरी वारली. तारीख नऊ ऑगस्ट एकोणीसशे नव्व्याण्णव, सोमवार. वय बावीस. कारण कावीळ.